पहिली गोळी तेलाची

२ फेब्रुवारी

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते. मत नंतर.

१. बाबा ऑक्टोबरात गेले. रविवारी सकाळी, घराच्या दारातच कोसळले. पायात बूट होते. कुठे निघाले होते, असं मी दादाला विचारलं होतं. फिरायला, म्हणाला.

२. त्यांची रायफल क्लबच्या शस्त्रखोलीत, त्यांच्या कपाटात होती. परवाना त्यांच्या नावाचा, तो त्यांच्याबरोबर संपला.

३. परवाना कार्यालयाचं पत्र आलं आहे. दोन्ही मुलांच्या सह्यांनी, कुणा एकाच्या नावाने वीस तारखेच्या आत अर्ज करायचा. न केल्यास रायफल सरकारजमा होईल आणि वितळवली जाईल.

४. आज क्लबच्या सेक्रेटरीबाईंसमोर कपाट उघडलं. किल्ल्या दोन आहेत. एक बाबांची, ती माझ्याकडे. दुसरी दादाची.

५. रायफल मांडणीवर नव्हती. नेण्याआणण्याच्या पेटीत, स्पंजात, झाकण लावून ठेवलेली होती.

६. बोल्ट काढला. चेंबर रिकामं. नळी पूर्ण कोरडी, तेलाचा अंशही नाही. पहिली चिंधी तांबूस बाहेर आली. काळी नाही. नळीच्या तोंडाशी आतून गंज.

७. दस्त्याच्या मागच्या, खांद्याला टेकणाऱ्या बटातल्या दोन पट्ट्या काढून त्याची लांबी कमी केलेली. पट्ट्या पेटीच्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळलेल्या.

आता मत. बाबांनी आयुष्यात कधी कोरडी रायफल कपाटात ठेवली नाही. स्पंज ओल धरतो हे त्यांनीच मला शिकवलं. म्हणजे त्यांच्यानंतर कुणीतरी ती बाहेर काढली, वापरली, वरवर पुसली आणि पेटीत कोंबली. दुसरी किल्ली दादाची. दादा बाबांहून उंच, त्याला बट कमी करायची गरज नाही. म्हणजे त्याने ती कुणा बुटक्या माणसाला हौसेखातर वापरायला दिली.

दादाला मेसेज पाठवला: "रायफल पाहिली. नळीला गंज आहे. बाबांच्या एका वस्तूची तरी नीट काळजी घेशील असं वाटलं होतं. कुणाला दिली होतीस ते कळव."

दादा-वहिनी वरच्या मजल्यावर राहतात. मी रजा घेऊन आले आहे, खाली बाबांच्या खोलीत. मेसेज गेला तेव्हा वर फोन वाजलेला मला ऐकू आला. मग बराच वेळ कुणी चाललं नाही.

३ फेब्रुवारी

दादाचं उत्तर: "तेल मी लावलं नाही, खरंय. सही कुठे करायची ते सांग. नाहीतर वितळवू दे."

कबुली आली. समाधान वाटायला हवं होतं.

६ फेब्रुवारी

गंज काढायला क्लबात गेले. आत घुसलेला नाही, वरच्यावर आहे. मऊ पितळी ब्रश, तेल, थांबायचं, चिंधी, पुन्हा तेल. साफ करायचा गज मागूनच घालायचा, तोंडाकडून घातला तर तोंडाची कड झिजते आणि मग गोळी कुठेही जाते. हात विसरले नव्हते. नऊ वर्षं मी रायफलला हात लावलेला नाही.

सेक्रेटरीबाई समोर खुर्ची टाकून बसल्या. नियमच आहे, वारसाने शस्त्र हाताळायचं तर कुणीतरी समोर हवं. पाय दुसऱ्या खुर्चीवर. सप्टेंबरात गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून महिनाभरापूर्वीपर्यंत त्या लेकीकडे होत्या. बाबांचं त्यांना फोनवरच कळलं.

"तुझ्या बाबांनी सिगारेट सोडली, चहातली साखर सोडली," बाई म्हणाल्या, "पण हे चिंध्यांचं व्यसन काही सुटलं नाही. एकदा मी म्हटलं, अहो, नळी आहे, बाळाचे कान नाहीत. तर म्हणे, बाळाला स्वतःचे कान मोठेपणी साफ करता येतात."

हे बाबांचंच वाक्य. बाईंनी आवाजही तसाच काढला. मी चिंधीकडे पाहत राहिले.

"तू का गं सोडलंस? चांगली मारायचीस."

"नोकरी लागली."

"नोकरी कुणाला लागत नाही?"

मी गजाला नवी चिंधी लावली.

बाबांची पद्धत लिहून ठेवते, नाहीतर माझ्याबरोबरच संपेल. ठेवताना नळी ओली: आतून तेलाची चिंधी, बाहेरून तेलाचं फडकं, आणि त्यानंतर उघड्या बोटाने पोलादाला स्पर्श नाही. घामाचा ठसा तिथेच गंजतो. गोळी झाडताना नळी कोरडी: पांढरी येईपर्यंत चिंध्या. तेल काढायचं ते तिथल्या तिथे, मॅटवर झोपायच्या आधी. आदल्या दिवशी कधीच नाही. आणि इतकं करूनही कुठेतरी थोडं तेल राहतंच, म्हणून पहिली गोळी निशाणाच्या बाजूला, वाळूच्या बांधात मारायची. पहिली गोळी तेलाची. ती मोजायची नाही. आमच्या घरात भाजीत मीठ जास्त पडलं तरी आई म्हणायची, तेलाची गोळी समजा.

लहानपणी मला चिंध्यांचा भयंकर कंटाळा यायचा. मी मॅटवर पालथी पडून पाय आपटत राहायची. बाबा, झालं का? झालं का, बाबा? "बुटके, पोलादाला घाई कळत नाही," म्हणायचे, आणि अजून एक चिंधी घालायचे.

त्यांचा शेवटचा फोनही क्लबाबद्दलच होता. जायच्या दोन दिवस आधी. "रविवारी येतेस का? वारा पडलाय. छान हवा आहे." माझ्याकडे ऑडिट चालू होतं. मी "बघते" म्हणाले. मी बघते म्हणाले की येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे परत फोन केला नाही.

८ फेब्रुवारी

सहीसाठी वर गेले. दादा जिन्यातच भेटला, किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत. तो गाडी चालवायला शिकवतो. त्याच्या गाडीला दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक त्याच्या. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका आपल्या पायाने दाबायच्या, असं तो स्वतःच सांगतो.

"या, मायक्रॉन," म्हणाला. मी लहानखुरी, आणि मापनाच्या प्रयोगशाळेत कामाला, म्हणून हे नाव. एरवी हसत म्हणतो.

"अर्ज आणलाय. नाव कुणाचं टाकायचं?"

"तुला हवं ते टाक."

"तुझी सही आणि तुझं मत, दोन्ही लागतं."

"मत नाहीये मला. सही आहे, ती घे."

"दादा, कुणाला दिली होतीस?"

"कुणाला नाही."

"मग बट कुणी कमी केलं?"

"झालं असेल."

"बट आपोआप कमी होत नाही."

"तुझ्या लॅबमध्ये नसेल होत." खाली शिकाऊ मुलीने हॉर्न वाजवला. "मी निघतो. नाहीतर ही बाई गाडी एकटीच घेऊन जायची आणि मला टॅक्सीने पाठलाग करावा लागायचा." विनोद केला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. सही राहिलीच.

वहिनीने चहा टाकला. ती पीटीची शिक्षिका आहे, माझ्याहून वीतभर उंच. म्हणजे बट तिच्यासाठीही नव्हतं. मी तसं म्हटलं.

"मी कशाला हात लावतेय त्या बंदुकीला? मला शिट्टी पुरते," वहिनी म्हणाली. मग कपात चहा ओतता ओतता थांबली. "हे बघ, तू त्याला बोललीस ते त्याला फार लागलंय. तो बोलणार नाही. पण बाबा गेले त्या दिवसापासून त्याने क्लबाच्या रस्त्याने गाडीसुद्धा नेलेली नाही. शिकवायला सोयीचा रस्ता आहे तो, तरी नाही. त्या सकाळी हा गाडी बाहेर काढून, इंजिन चालू ठेवून उभा होता, आणि बाबा दारात..."

तिने भांडं खाली ठेवलं.

"गाडी कशाला?" मी विचारलं. "फिरायला निघाले होते ना?"

"साखर बघ बरं, पुरे का," वहिनी म्हणाली आणि ओट्याकडे वळून उगाच बरणी पुसायला लागली.

चहा पिऊन निघाले. जिन्याच्या वरच्या टोकाला चपलांची मांडणी आहे. सर्वांत खालच्या फळीवर बाबांचे बूट होते. ताठ, सपाट तळाचे, रेंजवर घालायचे. कुणीतरी पॉलिश केलं आहे. बाबा फिरायला चपलेत जायचे.

९ फेब्रुवारी

क्लब बंद. दिवसभर बाबांच्या खोलीत.

नोंदी पुन्हा वाचल्या. दोन तारखेची सहावी नोंद: "पहिली चिंधी तांबूस बाहेर आली. काळी नाही." रायफल झाडून तशीच पुसून ठेवली तर नळीत दारूची काजळी राहते आणि चिंधी काळी, निदान राखाडी तरी येते. तांबूस म्हणजे नुसता गंज. म्हणजे ती झाडलेलीच नव्हती. कुणीतरी तिचं तेल पांढऱ्या चिंधीपर्यंत काढलं आणि मग ती वापरलीच नाही.

हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. लिहिलं, आणि खालच्याच परिच्छेदात उलटा निष्कर्ष काढला. प्रयोगशाळेत एखाद्या नवख्याने असं केलं असतं तर मी त्याला तो रिपोर्ट पुन्हा लिहायला लावला असता.

तेल कुणी काढलं? बाबांनी काढलं असं म्हणावं, तर ते आदल्या दिवशी कधीच काढत नसत. शनिवारी ते क्लबात गेले होते का, हे मला माहीत नाही. दादाला माहीत असणार. वर जाऊन विचारता येईल. मधे फक्त एक जिना आहे.

गेले नाही. कपाटं आवरली.

११ फेब्रुवारी

सकाळी क्लबात. अर्जाबरोबर शस्त्र चालू स्थितीत असल्याचा दाखला लागतो आणि त्यासाठी ते झाडून दाखवावं लागतं. मी म्हटलं, क्लबच्या प्रशिक्षकांनी झाडावं, मी सदस्य नाही.

"आहेस की," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "तुझे बाबा दरवर्षी तुझं नाव चालू ठेवायचे. तुला नाही माहीत?"

"नाही."

"मग काय, आता कळलं. झोप मॅटवर. माझ्या गुडघ्याला आत्ता कळलंय की खुर्ची म्हणजे काय सुख असतं, मी काही खाली बसत नाही. उभ्यानेच बघते."

नळी कोरडी केली. चिंध्या पांढऱ्या आल्या. गंजाचा डाग राहिलेला नाही, तोंडाशी बारीक खडबड राहील, तिचा फरक पडणार नाही.

बाबांच्या मापाच्या त्या दोन पट्ट्या आणि बट खोलायची चावी मी पेटीच्या कप्प्यातून काढली. बट मूळ लांबीवर आणून दाखला घ्यायचा असं ठरवलं होतं. पण बदल करायच्या आधी आहे ती स्थिती नोंदवायची, ही सवय. बटाची लांबी मोजली. गालाच्या टेकूची उंची मोजली, तोही खाली आणलेला होता. दंडात अडकवायचा पट्टा पाहिला, तो सगळ्यात आतल्या भोकावर होता. आकडे वहीत लिहिले. मग त्या मापावर माणूस कसा बसतो ते बघावं म्हणून झोपले.

बट खांद्यात बसलं.

जोर लावावा लागला नाही. मान ताणावी लागली नाही. गाल टेकला तिथेच डोळ्यासमोर दुर्बिणीची कडी आली, गोल, मधोमध. पट्टा दंडावर जिथे पूर्वी वळ उठायचा तिथेच बसला. अशी रायफल बसवायची तर समोर माणूस लागतो: एक झोपतो, दुसरा पट्ट्या काढतो, पुन्हा झोपतो. ज्याने हे केलं त्याच्यासमोर कुणीच झोपलेलं नव्हतं. त्याला माप पाठ होतं.

मी उठून बसले.

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

"डोळ्यात तेल गेलं."

"आज तेल अजून लावलंच नाहीस गं," बाई म्हणाल्या. माझ्याकडे पाठ करून वाळूच्या बांधाकडे पाहत उभ्या राहिल्या, गुडघा दुखत असताना.

क्रमाने लिहिते. शनिवारी बाबा क्लबात गेले, दादाने नेलं असणार. त्यांनी बट कमी केलं. तेल काढलं, आदल्या दिवशी. सगळ्या आयुष्यात एकदाच, आदल्या दिवशी. रायफल पेटीत ठेवली, कारण सकाळी फक्त उचलून मॅटपर्यंत आणायची होती. मला चिंध्यांसाठी थांबावं लागू नये म्हणून. झालं का, बाबा, असं मला विचारावं लागू नये म्हणून.

मी "बघते" म्हणाले होते. त्यांनी ते "येते" असं धरलं.

आणि दादाला हे सगळं माहीत होतं. नंतर कधीतरी त्याने कपाट उघडून पाहिलं असेल, किंवा नसेलही. तेल लावायचं म्हणजे ते बट, तो पट्टा, सगळं हाताळायचं. ते त्याच्याने झालं नाही. मी विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला की तेल मी लावलं नाही, खरंय. बाकीचं त्याने आपल्या पायाखाली दाबून धरलं. मला लागू नये म्हणून.

शेवटी पुन्हा झोपले. पहिली गोळी बांधात मारली. नंतरच्या मोजल्या नाहीत. बाईंनी दाखल्यावर सही केली.

मग साफ केली. काळ्या चिंध्या, राखाडी, पांढऱ्या. तेलाची चिंधी. बाहेरून फडकं, पुन्हा स्पर्श नाही. पेटी रिकामी उघडी ठेवली आणि रायफल मांडणीवर, तोंड किंचित खाली, म्हणजे तेल दस्त्यात उतरत नाही. बटाच्या पट्ट्या बसवल्या नाहीत. त्या फडक्यात गुंडाळून परत कप्प्यात ठेवल्या.

घरी आले तेव्हा वर दिवा होता. जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेले. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. परत फिरले.

१२ फेब्रुवारी

मला लिहिलेलं जमतं, बोललेलं जमत नाही. दादाला पाठवायचा मजकूर आधी इथे लिहिते, मग पाठवते.

"दादा,

रायफल कुणी कोरडी केली होती ते मला कळलं. बट कुणाच्या मापाचं होतं तेही कळलं. वहिनीने सांगितलं नाही, तिला बोलू नकोस. मी त्या मापावर झोपून पाहिलं.

दोन तारखेला मी तुला जे लिहिलं ते चूक होतं. पुरावा माझ्या हातात होता आणि मी तो वाचला नाही. ती तेलाची गोळी धर. ती मोजू नकोस, जमलं तर.

तू मला सांगितलं नाहीस ते का, हे समजलं. बाबांच्या बुटांना पॉलिश तूच केलंस, हेही.

गंज गेला आहे. आत आता तेल आहे. अर्ज तुझ्या नावाने भरला आहे, कारण इथे तू राहतोस. माझं नाव क्लबात आहेच, बाबांनी चालू ठेवलं होतं. कागद जिन्याच्या कठड्यावर ठेवते, सही करून तिथेच ठेव. मुदत वीस तारखेची आहे.

रविवारी सकाळी मी क्लबात जाणार आहे. गाडी तू काढशील का? बट आधी माझ्या मापावर असेल, मग आपण तुझं करू, पट्ट्या कप्प्यात आहेत. नळी मी त्याच दिवशी सकाळी कोरडी करेन, तू असलास तर. तुला थांबावं लागेल.

शनिवारी दुपारपर्यंत कळव. हो किंवा नाही, काहीही चालेल. बघतो असं लिहू नकोस."